मिठावरचं वळण

फोन वाजला तेव्हा मी ओट्यावर सुकट निवडत बसले होते. फोनवर नाव यांचंच होतं, म्हणून हात न पुसताच उचलला आणि म्हणाले, "भात झालाय, या आता." तर पलीकडे दुसराच आवाज. खाडीच्या बाजूला नव्या रस्त्याचं काम चाललंय, तिथला वॉचमन बोलत होता. "चाची, चाचा उठ नहीं रहे... कुर्सी पर बैठे हैं, पर उठ नहीं रहे." त्याच्या मागे रोलरची घरघर चालू होती. मग कुणीतरी ओरडलं आणि रोलर बंद झाला. तोवर मला काही उमजत नव्हतं. रोलर थांबला तेव्हा कळलं.

त्याला आता महिना उलटून गेला. माणसं आली, बसली, गेली. मुलगी वैशाली फुलपाड्याला तिच्या घरी परतली. येणारा जो तो म्हणायचा, दामोदरबद्दल काहीतरी सांग. दामोदर म्हणजे आमचे हे. तोंडाने हे नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच, लिहिताना मात्र अडत नाही. तर लोक विचारायचे आणि मी म्हणायचे, चांगले होते. त्यापुढे मला समोरच्या माणसाशी बोलता येत नाही, शब्द आतच राहतात. आता घरात कोणी नाही, म्हणून लिहून बघते. कुणाला दाखवायचं नाही.

मला लिहायचंय ते एका वळणाबद्दल. ओमानच्या वाळवंटात एक रस्ता झाला, तो करणाऱ्यांत हे होते, आणि नंतर बरीच वर्षं तो राखायलाही हेच होते. त्या रस्त्याला एका जागी वळण आहे आणि ते आपल्यामुळे पडलं, असं यांचं सांगणं. घरात कुणी ते खरं मानलं नाही. पुष्कळ हसले सगळे. मी हसले नाही, पण खरं का हो, असंही कधी विचारलं नाही. यांचं निम्मं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आणि माझ्याकडे त्या वर्षांचं दुसरं काहीच नाही, यांनी सांगितलेला रस्ता तेवढा आहे. त्यातलं वळणच खोटं निघालं तर बाकीचं मी काय धरून बसायचं, हे यांच्यामागे मला फार वाटायला लागलं.

आमचं घर नायगावच्या जुन्या गावात. आता मागे उंच इमारती झाल्यात, पण मी लग्न होऊन आले तेव्हा ओट्यावरून खाडीपर्यंत मिठागरंच दिसायची. सासरे आणि हे दोघं मिठागरात कामाला. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, उन्हात आटवायचं, की खाली मिठाची पांढरी साय धरते. पण त्याआधी खालची जमीन पायांनी चोपून चोपून घट्ट करावी लागते, नाहीतर मिठात चिखल येतो. यांची टाच त्या कामाने दगडासारखी झाली होती. कोरड्या वाफ्यावर टाच आपटून आवाजावरून हे सांगायचे, इथे माणूस उभा राहील, इथे बसेल. पुढे मिठागरं बंद पडत गेली. हे सातिवलीला एका ठेकेदाराकडे रोलर चालवायला शिकले. जमीन चोपायचंच काम, फक्त पायाऐवजी यंत्राने, असं म्हणायचे. वैशाली रांगत होती तेव्हा तिथल्याच एकाच्या ओळखीने ओमानला गेले.

तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. आळीत काशिनाथभाऊंच्या घरी होता. महिन्या-दोन महिन्यांनी यांचा फोन यायचा आणि काशिनाथभाऊंची बायको दारातून हाक मारायची, "ओमान आलाय गो!" की आम्ही सगळे धावत जायचो. आधी सासूबाई बोलायच्या, मग धाकटे दीर बबनभाऊजी, मग आजूबाजूला ज्याला वाटेल तो. सगळ्यांचं झालं की माझ्या हातात फोन यायचा. खोली माणसांनी भरलेली. काशिनाथभाऊ पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पण पान काही उलटायचे नाहीत. त्या सगळ्यांसमोर मी काय बोलणार? कधी येणार, असं विचारायची लाज वाटायची. जेवलात का, हे सासूबाईंनी विचारून झालेलं असायचं. पहिल्या दोन-तीन वेळा मी नुसती "हं, हं" करून फोन ठेवला. मग एकदा बबनभाऊजी म्हणाले, "वहिनी, फोन नुसता कान लावायला नाय दिलाय, तोंड पन लावा." सगळे हसले. मला घाम फुटला, आणि तोंडातून जे आलं ते आलं. मी विचारलं, "रस्ता कुठवर आला?"

खोलीत आणखी हशा झाला. पण पलीकडे हे गप्प. मला वाटलं, फोन तुटला. मग यांचा आवाज आला, अगदी निराळा, जवळ बसून बोलल्यासारखा. म्हणाले, "उपड्या सुपासारखी एक टेकडी आहे ना, तिच्या अलीकडे आलो." जशी काही मी ती टेकडी रोज बघत होते! मग सांगतच सुटले. पाणी कुठून आणतात, टँकर यायला केवढा वेळ लागतो, संध्याकाळी तापलेल्या डांबरावर उंट कसे येऊन बसतात आणि भोंगा वाजवला तरी उठत नाहीत... पैसे संपून फोन बंद झाला तेव्हा हे उंटाच्या मानेवर होते. सासूबाईंनी विचारलं, "काय बोलत होता येवढा?" मी म्हटलं, "रस्ता." त्या म्हणाल्या, "बायकोशी रस्ता बोलतो! माझा पोरगा उन्हाने बिघडला."

तेव्हापासून दर फोनला मी तेच विचारायची. आळीतल्या बायकांना ते पाठ झालं होतं. मी फोन हातात घेतला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "इचार, इचार, रस्ता इचार." पण मला त्यात खरंच गोडी लागली होती. घरचे सगळे यांना अत्तर, सोनं, गोधडीएवढं जाड ब्लँकेट याबद्दल विचारायचे. रस्त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. मला मात्र भांडी घासतानाही तेच डोक्यात. वाळू हलते म्हणतात, मग तिच्यावर रस्ता बसतो कसा? सकाळी केलेला रस्ता संध्याकाळी वाळूखाली गेला तर माणसाला कळतं कसं की तो कुठे होता? मी मनात प्रश्न साठवून ठेवायची आणि त्यातला एक फोनवर विचारायची, कारण एकालाच वेळ मिळायचा.

एकदा मी विचारलं, "रस्त्याला दोन्ही बाजूंनी कठडा का नाही बांधत? वाळू अडेल." हे म्हणाले, "तेच करायचं नाही. अडवलं की साठतं. रस्ता जरासा उंच करायचा, कडा उतरत्या ठेवायच्या, मध्ये काही ठेवायचं नाही. दगड नाही, कठडा नाही. म्हणजे वारा वाळू घेऊन येतो आणि तसाच वरून निघून जातो." मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी भात कांडून आणला होता, त्याचा कोंडा मी अंगणात पसरला. एक वीट उभी ठेवली. जरा बाजूला मातीची एक बुटकी, उतरत्या कडांची पट्टी थापली. खाडीवरून वारा येतच होता. ओट्यावर बसून बघत राहिले. विटेच्या मागे कोंड्याचा ढीग होत गेला, शेपटीसारखा लांब. पट्टीवर मात्र दोन-चार कणांपलीकडे काही राहिलं नाही. सासूबाई बाहेर आल्या. "काय खेळतंस गो? कोंबड्यांना टाक तो कोंडा." मी लगेच झाडून टाकला, पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता... पुढच्या फोनला मी यांना सांगितलं, "बघितलं मी. खरं आहे." हे म्हणाले, "कुठे बघितलंस?" मी म्हटलं, "अंगणात." यांना कोड्यातलं वाटलं असेल, पण सगळ्यांसमोर मला कोंडा समजावून सांगता आला नाही.

मग एका फोनला रस्ता पुढे सरकलाच नाही. मी विचारलं, "कुठवर आला?" हे म्हणाले, "तिथेच आहे." त्याच्या पुढच्या फोनलाही तेच. आवाज पडलेला. काही झालंय हे मला कळत होतं, पण विचारायचं कसं? हे सुट्टीवर आले तेव्हा कळलं. जेवणं झाली होती, बबनभाऊजी, सासूबाई, काशिनाथभाऊ असे सगळे ओट्यावर बसले होते, आणि यांनी स्वतःच काढलं. टेकडीच्या पुढे एक विहीर, विहिरीच्या पुढे वाळू संपते आणि एकदम सपाट पांढरी जमीन लागते. लांबच लांब मीठ. हे रोलरवरून उतरले आणि यांना वाटलं, आपण नायगावलाच आलो. वाकून बोटाने चाखलं, खारट. टाच आपटली. आवाज घट्ट आला, आपल्या चैत्रातल्या वाफ्यासारखा. वरचा मुकादम, केरळचा एक अण्णा, म्हणत होता, थांब, तपासणीवाले उद्या येतायत. हे म्हणाले, "अण्णा, मैं इसी में पैदा हुआ हूँ." आणि रोलर घातला.

आपल्याकडे मिठागरात वर पांढरं धरलं म्हणजे खालचं पाणी आटलेलं असतं. खालची जमीन बापजाद्यांनी चोपून ठेवलेली असते म्हणून. तिथे कोण चोपायला गेलं होतं? तिथे वरून ऊन मिठाची खपली करतं आणि खाली समुद्रासारखा ओला चिखल तसाच असतो. थोडं पुढे जाईपर्यंत रोलरने काही दाखवलं नाही. मग एका बाजूने बसला. हे उडी मारून बाहेर आले. रोलर सावकाश खाली जात होता, म्हणाले, म्हैस पाण्यात बसते तसा. ओढायला दुसरं यंत्र आणलं तर त्याची चाकं कडेलाच रुतायला लागली. शेवटी वरचा पत्रा तेवढा दिसत राहिला, आणि तो त्यांनी तसाच सोडला. इंजिनीअर आले, माती उकरून बघितली, आणि रस्ता तिथून बाजूला नेला, जिथे खाली खडक होता. म्हणून त्या रस्त्याला वळण आहे. "माझं वळण," हे म्हणाले, आणि हसले. पण हसताना माझ्याकडे बघितलं.

बबनभाऊजींनी मांडीवर थाप मारली. "दादा, रस्ता कोनी वाकवला म्हनतोस? तुझ्या रोलरने? सरकारने येवढा नकाशा काढला, आनि नायगावच्या दाम्याने टाच आपटली म्हनून तो पुसला?" काशिनाथभाऊंचे डोळे हसून भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय झालं नाय ना? मग जाऊ दे." त्या दिवसापासून ती घरातली गंमत झाली. लग्नकार्यात, गणपतीत, माणसं जमली की बबनभाऊजी म्हणायचे, "दादा, वळन सांग." आधी हे सांगायचे. मग सांगताना थोडं कमी कमी करत गेले. मग म्हणायला लागले, "तूच सांग, तुला जास्त येतं." आणि भाऊजी सांगायचे, त्यात रोलरवर उंट चढवायचे, अरबाला मराठीत शिव्या द्यायला लावायचे, आणि हे कोपऱ्यात बसून ऐकायचे.

यांना तिथून काढलं नाही, पण रोलरवरून खाली उतरवलं. वाळू बाजूला सारायची गाडी असते, पुढे मोठं पातं असलेली, ती दिली. शिक्षाच होती ती. बाकीचे रस्ता करत पुढे गेले आणि हे मागे राहिले, झालेला रस्ता झाडत. कितीही नीट बांधला तरी थोडी वाळू येतेच. रोज एका टोकाकडून निघायचं, ढकलत ढकलत जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. मी विचारलं होतं, "आणि नाही झाडला तर?" हे म्हणाले, "दोन-चार पावसाळे... म्हणजे तिथे पावसाळा नसतो, पण तेवढ्यात नाहीसा होईल. तिथला रस्ता एकदा करून होत नाही. करत राहावा लागतो." पुढे मी फोनवर, कुठवर आला, असं विचारायचं खरं तर काही कारण उरलं नव्हतं. रस्ता केव्हाच समुद्रापर्यंत पोचला होता. तरी मी विचारायची आणि हे, आज कुठवर झाडत आणला, ते सांगायचे. विहिरीपर्यंत. टेकडीपर्यंत. आज वळणावर होतो, तिथे वाळू नसते, तिथे चहा प्यायलो.

तिथे वाळू का नसते, ते मात्र मी विचारलं नाही. तो प्रश्न मनात राहिलेल्यांतला.

कायमचे परत आले तेव्हा यांचा दम कमी झाला होता. जिना चढवत नाही म्हणून वैशालीकडे फुलपाड्याला राहायला नको म्हणायचे. पण झाडणं सुटलं नाही. रोज सकाळी दारापासून आळीच्या तोंडापर्यंत स्वतः झाडायचे. झाडायच्या आधी चिमूटभर धूळ उचलून डोळ्यांसमोर धरायचे आणि सोडायचे. ती कुठे जाते ते बघायचे आणि वाऱ्याकडे पाठ होईल अशा बाजूने सुरुवात करायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काका, पूजा चाललीय का?" घराच्या मागे इमारतींनी कुंपणाच्या भिंती घातल्या आणि पावसाचं पाणी आमच्या आळीत थांबायला लागलं, तेव्हा हे भिंतीजवळ उभे राहून मला म्हणाले, "तुझी वीट." मी दचकले. कोंड्याची गोष्ट मी यांना पुढे कधीतरी सुट्टीत सांगितली होती, एकदाच. यांनी ती ठेवली होती.

खाडीकडे नव्या रस्त्याचं काम निघालं आणि यांना बसायला जागा मिळाली. दिवेलागण होईपर्यंत तिथेच. वॉचमनने एक प्लास्टिकची खुर्ची दिली होती. मी कधी तिकडे गेले नाही, पुरुषांची गर्दी असते. हे घरी आले की मी विचारायची आणि हे सांगायचे, आज खडी आली, आज रोलर लावला, पोरगा नवा आहे, कडेला घाबरतो.

वैशालीने एकदा फोन पुढे केला होता. म्हणाली, "बाबा, आता वरून सगळं जग दिसतं यात. तुमचा रस्ता शोधू?" यांनी हाताने फोन बाजूला केला. "नको. वाळूखाली गेला असेल." बबनभाऊजी तिथेच होते. त्यांनी मला डोळा मारला... बघितलंत ना वहिनी, असा. मी खाली बघितलं. मलाही तेव्हा वाटून गेलं की हे टाळतायत. आता वाटतं, माणूस ज्या कामावर उभा राहिला ते नाहीसं झालेलं त्याला बघायचं नसेल. पण हे माझं वाटणं. यांनी काही सांगितलं नाही.

तेराव्याला सगळे जमले. जेवणानंतर बबनभाऊजींनी वळण सांगितलं. उंट चढवले, अरबाच्या शिव्या दिल्या, आणि सांगता सांगता रडायला लागले. डोळे पुसून म्हणाले, "खोटं का असंना, पन काय सांगायचा दादा!" सगळे हो हो म्हणाले. मी आत भात झाकत होते. 'खोटं' हा शब्द माझ्या अंगावर आला. भाऊजींचं यांच्यावर प्रेम होतं, आणि त्याच प्रेमाने त्यांनी तो रस्ता खोट्यात टाकून दिला होता. आता यांच्या नावाने तोच उरणार होता, थापाड्या रोलरवाला.

पुढच्या रविवारी मी फुलपाड्याला वैशालीकडे गेले. चहा झाल्यावर म्हटलं, "तो रस्ता काढ." ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी तिला असं काही काढ म्हणून कधी सांगितलं नव्हतं. "आई, कुठून सुरू करू? ओमान केवढा आहे." मी म्हटलं, यांची राहायची जागा जिथे होती ते गाव काढ. नाव मला ठाऊक होतं. तिने काढलं. पिवळंच पिवळं सगळं, मध्ये काही ठिपके. "आता डावीकडे जाऊ की उजवीकडे?" "समुद्राकडे. आधी पेट्रोलपंप लागेल, त्याला लागून मशीद." तिने बोटाने सरकवलं. पंप लागला. मशीद लागली. "मग बरंच काही नाही. मग टेकडी, उपड्या सुपासारखी." टेकडी आली. वरून बघताना सूप ओळखू येतं, खरंच. वैशाली हळूच म्हणाली, "तुला हे कसं माहीत?" मी म्हटलं, "फोनवर."

टेकडीच्या पुढे विहीर काही दिसली नाही. रस्ता मात्र दिसत होता, काळा, रुंद, दोन्ही बाजूंनी जाणारा, आणि सरळ. पाटावर रेघ मारावी तसा सरळ. वैशाली सरकवत गेली. पांढरी जमीन आली, रस्ता तिच्यावरूनही सरळच गेला. वळण नाही. पार समुद्रापर्यंत नाही. वैशाली म्हणाली, "आई, बाबा गंमतही करायचे..." मला त्या टेकडीचाच राग आला, ती तरी कशाला खरी निघाली?

थोड्या वेळाने मी म्हटलं, "परत टेकडीकडे ने. सावकाश." कारण मला एक खटकत होतं. तो रस्ता फार नवा होता. यांनी कधी दुहेरी रस्ता सांगितला नव्हता. तिने मोठं करून दाखवलं. काळ्या रस्त्याच्या एका अंगाला, बरंच लांब, वाळूत करड्या रंगाचा एक तुकडा होता. धाग्याएवढा. पुढे तो वाळूत गेला. पुन्हा जरासा वर आला, पुन्हा गेला. "हा कसला?" मी विचारलं. "जुना असेल. भराव घालून नवा सरळ केल्यावर सोडून दिलेला." सोडून दिलेला, म्हणजे कुणी न झाडलेला. मी म्हटलं, "त्याच्या मागे मागे चल." टेकडीपासून पुढे तो अर्धा अधिक नाहीसाच होता. आम्ही अंदाजाने सरकत होतो. मग पांढरी जमीन सुरू झाली, आणि त्या पांढऱ्यावर तो रस्ता एकदम अख्खा वर आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सरळ येत होता, मग बाजूला झाला, कशाला तरी वळसा घातल्यासारखा मोठा वाकला, आणि पलीकडे पुन्हा आपल्या ओळीत गेला. पुढे वाळू लागली, की गेला.

वैशाली रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी बघत होते. मनात राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसत होतं. मिठाची जमीन खालून ओली. वाळू तिच्यावर साठत नाही, येते तेवढी चिकटते, नाहीतर वारा पुढे नेतो. म्हणून हे तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे. म्हणून सगळा रस्ता गेला आणि यांच्या चुकीने वळवलेला तेवढा तुकडा राहिला. वळणाच्या आतल्या बाजूला एक काळपट ठिपका होता. मी विचारलं, "ते काय?" वैशालीने होईल तेवढं मोठं केलं, पण मोठं केलं की ते विरघळून जायचं. "काहीही असू शकतं, आई." असू शकतं. मी ते तसंच ठेवलंय.

त्याचा फोटो तिने माझ्या फोनवर पाठवला. बबनभाऊजी आले तेव्हा मी चहा ठेवायच्या आधीच फोन त्यांच्यापुढे धरला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर उभी राहून कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "भाऊजी, रस्ता वळलाय." त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा बघितलं. "आयला दादा..." एवढंच म्हणाले. मग चहा पिताना म्हणाले, "वहिनी, मग तो रोलर अजून थयच असंल." मी म्हटलं, "असेल." "आनायला गेलं पायजे." मी हसले. तेही हसले. जाताना दारातून परत आले आणि म्हणाले, "उंट मी घातले होते त्यात. बाकीचं त्याचंच होतं." मी म्हटलं, "उंट पण होते, भाऊजी. डांबरावर बसायचे."

काल सकाळी आळी झाडून झाली आणि मी खाडीकडे गेले. नवं काम कुठे आलंय ते मला सांगणारं आता कुणी नाही. वॉचमनने मला ओळखलं, उठून उभा राहिला. यांची खुर्ची त्याने तशीच ठेवली होती, पाठीला फडकं बांधलेलं. "बैठो ना, चाची." रोलर मागे-पुढे करत होता, धूळ उडत होती. चारी बाजूंना पुरुष. मला पळून यावंसं वाटलं. मग मी वाकून चिमूटभर धूळ उचलली आणि सोडली. ती माझ्या साडीवर आली. मी खुर्ची उचलून पलीकडच्या अंगाला ठेवली, वाऱ्याकडे पाठ करून, आणि बसले. पदर नीट केला आणि वॉचमनला विचारलं, "रस्ता कहाँ तक आया?"

त्याने हात लांब केला, आणि सांगायला लागला.